रझिया

‘बदक’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. आमच्या घरच्या बोलीत त्याला अजूनही बत्तखच म्हणतात. शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवताना परभाषेतून आलेल्या शब्दांचा धडा आला की मी फळ्यावर तारीख, वकील, कागद, पोशाख, दौत असे शब्द लिहीत असे. बदक त्या यादीत कधी नसायचं. तो शब्द मराठीत इतका मुरलेला की कुठून आलास, असं त्याला विचारायला कुणी जात नाही. माझा आणि बदकाचा संबंध होता तो एवढाच. निवृत्तीनंतर एक जिवंत बदक कर्वेनगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सहा महिने मुक्काम करील आणि माझ्या फजरच्या नमाजची वेळ मोबाईलआधी तेच मला सांगेल, असं भाकीत कुणी केलं असतं तर मी हसलो असतो.

२५ जुलै २०२४ ची पहाट पुणेकर विसरणार नाहीत. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं गेलं आणि नदीपलीकडे, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेत असतानाच पाणी घरांत शिरलं. लष्कराला बोलवावं लागलं. आमची इमारत उंचावर आहे, त्यामुळे आम्हाला त्रास झाला नाही. पण राजाराम पुलावर छत्री घेऊन उभं राहिलं की खालून जाणारं ते गढूळ, फुगलेलं पाणी बघून पोटात खड्डा पडायचा. खालच्या मजल्यावरच्या काकू ऐंशीच्या आहेत. त्यांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर डोळ्यांनी पाहिलेला. त्या दोन दिवस गॅलरीतून हलल्या नाहीत. ‘‘सर, पाण्याचा आवाज तोच आहे हो,’’ एवढंच म्हणत राहिल्या.

पाणी ओसरल्यावर, शनिवारी, माझा मुलगा आणि नात नदीकाठाकडे चक्कर मारायला गेले. परतले तेव्हा नातीच्या रेनकोटच्या टोपीत चिखलाचा एक गोळा होता आणि तो गोळा चिवचिवत होता. जलपर्णीच्या ढिगाखाली, प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलमध्ये अडकलेला सापडला म्हणे. वरच्या बाजूला, वारजे-शिवण्याकडे कुणाच्या अंगणातून वाहून आला असेल, किंवा कुणी बाजारातून खेळणं म्हणून आणला असेल. त्याची कुंडली आम्हाला शेवटपर्यंत कळली नाही. कोमट पाण्याने पुसल्यावर खाली पिवळी लव निघाली. चोच शरीराच्या मानाने मोठी आणि डोळे काळ्या मिऱ्यासारखे.

सौभाग्यवतींनी कमरेवर हात ठेवून पाहणी केली. ‘‘अजी, घर में इन्सानां को जगा नै, ये बत्तख काँ रखते?’’

प्रश्न रास्त होता. त्यातच दुसरा प्रश्न लपलेला होता, तो त्यांनी रात्री काढला. आम्ही हनफी. कबुतराची, चिमणीची बीट कपड्यावर पडली तर आमच्या फिकहमध्ये तिला माफी आहे. कोंबडीची आणि बदकाची मात्र नाही, ती नजासत-ए-गलीजा. एका दिरहमाएवढी लागली तरी नमाजआधी धुणं आलं. आणि बदक हा प्राणी दर पंधरा-वीस मिनिटांनी ही नजासत निर्माण करतो, हे आम्हाला पहिल्याच संध्याकाळी कळून चुकलं. जुन्या फुकहांनी कबुतर आणि बदक यांच्यात हा भेद का केला असेल यावर पूर्वी मी कधी विचार केला नव्हता. आता पटलं, की त्यांच्या घरी बदकं असणार! शेवटी तह झाला: जानमाज जिथे अंथरतो ती खोली बदकाला हराम, मागची बाल्कनी हलाल, आणि मधली जागा वर्तमानपत्रं अंथरल्यावर मुबाह.

पहिली अडचण उबेची होती. आठवड्याच्या पिल्लाला आईच्या पंखाखाली मिळते तेवढी ऊब, म्हणजे साधारण ३२ अंश, लागते. मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत न्यायची. ही माहिती सुनेने शोधून काढली. खोक्यावर बल्ब टांगायचा हे सोपं, पण हल्लीच्या एलईडी बल्बांना ऊबच नसते. उजेड देतात, गरम होत नाहीत. पावसात चार दुकानं फिरून मुलगा हात हलवत परत आला. आमची शोधाशोध जिन्यातून ऐकून काकूंनी माळ्यावरच्या ट्रंकेतून साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब काढून दिला. त्यांच्या यजमानांनी जपून ठेवलेला. तो लावल्यावर पिल्लू थेट त्याच्या खाली जाऊन बसलं आणि पहिल्यांदाच गप्प झालं. बल्ब किती उंचीवर हवा हे पिल्लूच सांगतं. थंडी वाजत असेल तर उजेडाखाली अंग चोरून ओरडतं, उकडत असेल तर कोपऱ्यात जाऊन चोच उघडी ठेवतं.

दुसऱ्या दिवशी एका पशुवैद्य बाईंकडे नेलं. त्यांनी आधी एकच गोष्ट पक्की केली: हे पाळीव बदक आहे, रानातलं नाही. आपल्या मुठा-मुळेत चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके असणारं हळदी-कुंकू बदक राहतं. त्याचं पिल्लू तपकिरी-काळपट असतं. तसं सापडलं असतं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे घरात ठेवता आलं नसतं, वनखात्याला कळवावं लागलं असतं. आमचा पाहुणा नखशिखान्त पिवळा, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कोंबडीचा भाऊबंद. बाईंनी सांगितलं: पाव घालायचा नाही, दूध तर नाहीच. कोंबडीच्या पिलांचं खाद्य चालेल, पण औषध न मिसळलेलं. आणि खाण्याशेजारी पाणी हवंच, कारण बदक कोरडा घास गिळू शकत नाही. घास घेतं आणि पाण्याकडे धावतं. पाणी चोच व नाकपुड्या बुडतील एवढं खोल हवं आणि पिल्लू बुडणार नाही एवढं उथळ. आम्ही बशीत नदीचे गोटे ठेवले.

बदकाचं पिल्लू बुडेल, हे ऐकून सगळ्यांना नवल वाटलं. खरी गोष्ट अशी, की पिल्लाच्या लवेला तेल लागतं ते आईच्या पिसांवरून. स्वतःच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीचं काम नीट सुरू व्हायला वेळ लागतो. आईविना पिल्लू पाण्यात सोडलं तर ते भिजतं, गारठतं आणि दमून बुडतं. पोहणं त्याच्या रक्तात असतं, पण कोरडं राहणं आईकडून मिळतं. म्हणून पहिले काही आठवडे त्याची आंघोळ घमेल्यात दोन मिनिटं, नातीच्या हाताच्या आधाराने, आणि मग टॉवेल.

नातीने नाव ठेवलं सुलतान. चालण्यात ऐट होती खरी. नात नऊ वर्षांची. ती शाळेतून आली की सुलतान तिच्या टाचेला टाच लावून सगळ्या घरात फिरायचा. ती बाथरूममध्ये गेली की दाराबाहेर आक्रोश. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हंसाच्या पिलांवर हाच अभ्यास केला होता. अंड्यातून बाहेर आल्यावर सुरुवातीच्या काही तासांत जे हलताना दिसेल त्याचा ठसा पिलाच्या मनावर उमटतो आणि ते त्याच्या मागे चालू लागतं. १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर. पण आमच्या हाती आलं तेव्हा पिल्लू आठवडाभराचं होतं. म्हणजे ठसा आधीच कुणाचा तरी उमटलेला, एखाद्या बदकीणीचा किंवा बरोबरच्या भावंडांचा, आणि ते पाण्यात कुठे गेले ते त्या नदीलाच ठाऊक. आमच्या मागे ते चालत होतं ते एकटं राहवत नाही म्हणून. रात्री बारा-एकला मध्येच त्याचा एक वेगळा, लांबट सूर लागायचा. सौ. उठून खोक्यात हात घालून बसायच्या. इन्सानांना जागा नाही म्हणणाऱ्या त्याच.

तिसऱ्या आठवड्यात सुलतानचे पाय वाकडे पडू लागले. दोन पावलं टाकून बसायचा. नात रडकुंडीला आली. डॉक्टरीणबाईंनी पाहून सांगितलं की कोंबडीच्या खाद्यात नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, कोंबडीपुरतं असतं, बदकाला त्याहून जास्त लागतं. औषधाचे थेंब, यीस्टची पूड आणि हिरवे मटार. ऑगस्टात मटारचा भाव काय असतो हे मंडईत जाणाऱ्याला सांगायला नको. माझ्या पेन्शनीतून मटार घेऊन बत्तखला सोलून घालताना सौ. म्हणाल्या, ‘‘हमारे निकाह के बाद पहली ईद को भी इतने मटर नै आये थे.’’ दहा-बारा दिवसांत पाय सरळ झाले.

सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, आवाज फुटला. बदकातला नर घोगरा, दबका बोलतो. खणखणीत ‘क्वॅक्’ मादीचं. एका सकाळी बाल्कनीतून असा काही पुकारा झाला की समोरच्या इमारतीतले लोक खिडकीत आले. शेपटीवर नराला येतं ते वळलेलं पीसही आलं नाही. सुलतान मुलगी निघाली. नातीला शाळेत नुकताच इतिहासाचा धडा झाला होता. तिने क्षणाचाही विलंब न लावता फर्मान काढलं: आजपासून ही रझिया. दिल्लीच्या तख्तावर १२३६ मध्ये बसलेल्या त्या बाईलाही सुलतानच म्हणत, त्यामुळे पदवी बदलायची गरज पडली नाही.

आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं. त्यात मुसलमान आम्ही एकटे. मुलाने २०११ मध्ये हा फ्लॅट घेतला. त्याआधी वर्षभर बऱ्याच ठिकाणी आडनाव सांगितल्यावर फ्लॅट नुकताच गेल्याचं कळायचं. ती कथा आपल्या वाचकांना नवी नाही, म्हणून लांबवत नाही. इथे मात्र चौदा वर्षं सुखाने राहिलो. तरी एक प्रश्न रझियाबरोबर घरात आला. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ बँकेत आहेत, मनाचे मोकळे. लिफ्टमध्ये टोपलीत रझियाला पाहून म्हणाले, ‘‘काय सर, दिवाळीपर्यंत तयार होईल ना?’’ आणि हसले. मीही हसलो. असे विनोद पचवायची आम्हाला सवय असते. पण टोपलीची कडी नातीच्या हातात होती.

त्या रात्री ताटातली कोंबडी तिने बाजूला सारली. ‘‘दादाजी, आपण रझियाला कापणार नाही म्हणून सांगितलं का नाही त्यांना?’’ मग पुढचा प्रश्न, जो येणारच होता: ‘‘या कोंबडीचं नाव काय होतं?’’

सून वैतागली, मुलगा गप्प. सौ.ंनी ‘नखरे’ म्हणून निकाल दिला. मला माझे अब्बा आठवले. गावाकडे बकरी ईदचा बकरा आम्ही चार-चार महिने आधी आणायचो. त्याला अब्बा स्वतः हाताने पाला घालायचे, नावाने हाक मारायचे. कुर्बानीच्या दिवशी त्यांचे डोळे भरायचे आणि ते लपवायचे नाहीत. म्हणायचे, जो हात थरथरत नाही त्याची कुर्बानी कसली. मी नातीला हे सांगितलं. तिला पटलं की नाही कोण जाणे. तिने कोंबडी सोडली ती जवळजवळ तीन महिने, आणि मी तिच्यावर सक्ती होऊ दिली नाही. मी स्वतः खात राहिलो. बाल्कनीत रझिया आणि ताटात मुर्ग, या दोन गोष्टी एका घरात नांदतात हे मला खोटं वाटत नाही. खरा खोटेपणा आहे तो मांस पिशवीत बंद करून आणायचं आणि ते कधी चालत होतं हे विसरायचं यात.

हदीसमध्ये हजरत अनस यांच्या धाकट्या भावाची, अबू उमैरची गोष्ट येते. त्या पोराने एक चिमणीएवढा पक्षी पाळला होता, नुगैर. तो मेला. आप (स.) त्या घरी येत तेव्हा त्या लहानग्याला यमक जुळवून त्याच्या नुगैरबद्दल विचारीत. एवढाच प्रसंग. एवढ्यावरून जुन्या विद्वानांनी साठ-साठ मसले काढले: पक्षी पाळावा का, लहान मुलाला टोपणनावाने हाक मारावी का, वगैरे. मला त्या साठांपेक्षा एकसष्टावा महत्त्वाचा वाटतो, की मोठ्या माणसाला, ज्याच्या खांद्यावर एवढा भार, एका मुलाच्या मेलेल्या पाखराची चौकशी करायला वेळ होता. ही गोष्ट नातीला फार आवडली. ती शाळेतही सांगून आली.

आणि शाळेत सांगितल्यामुळेच ती दुसरी गोष्ट घेऊन आली. गदिमांचं तळ्यातल्या बदकांचं ते गाणं आपल्याकडे प्रत्येक मराठी पोराला पाठ असतं. मीही वर्गात किती वेळा गाऊन घेतलं आहे. त्यामागे हान्स अँडरसनची १८४३ ची कथा आहे. कुरूप म्हणून हिणवलेलं वेगळं पिल्लू अखेर राजहंस निघतं. नात म्हणाली, ‘‘पण रझिया तर बदकच आहे. ती राजहंस नाही निघाली. मग?’’ इतकी वर्षं ते गाणं शिकवलं, हा ‘मग?’ कुणी विचारला नव्हता. वेगळा दिसणारा राजहंस निघाला म्हणून त्याचा अपमान धुतला गेला. समजा तो साधं, मळकट बदकच निघाला असता तर? कलाम साहेब, झाकिर हुसेन, सलीम अली ही नावं आपण सभांमधून घेतो तेव्हा मला हल्ली हा ‘मग?’ ऐकू येतो. सगळ्यांना राजहंस व्हायची सक्ती कशाला?

सलीम अलींचं नाव आलंच आहे तर सांगतो. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचं शीर्षकच एका पडलेल्या चिमणीवरून आहे. मुंबईत खेतवाडीच्या मामांच्या घरी वाढणाऱ्या या पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीची चिमणी नव्हे, मग ही मुसलमानाला खाणं जायज आहे का, अशी शंका आली म्हणून पोरगा ती घेऊन मामांकडे गेला. मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलर्ड नावाच्या साहेबाने कपाटांतले पेंढा भरलेले पक्षी उघडून दाखवले. हलाल-हरामच्या एका बालिश शंकेतून या देशाचा पक्षिशास्त्रज्ञ घडला. येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठी त्यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे. मी वर्गाच्या सहली नेत असे. आणि केरळच्या वैकोम मुहम्मद बशीर यांची ‘पात्तुम्माची शेळी’, १९५९ ची. त्या शेळीने लेखकाचीच पुस्तकं खाल्ली. रझियाने माझं काही खाल्लं नाही, पण रोज सकाळचा पेपर ओला करून संपादकीयावर मत नोंदवायची.

हिवाळ्यात तिचं वैभव वाढलं. पिसं पूर्ण आली होती, पांढरीशुभ्र. गच्चीवर जुन्या टबात पाणी भरायचं, ती उडी टाकायची, डोकं बुडवून पाणी पाठीवर घ्यायची, मग अर्धा तास चोचीने शेपटीजवळचं तेल घेऊन एकेक पीस सारवायची. पाण्याचे थेंब आता तिच्या अंगावरून मोत्यासारखे घरंगळत. काकू उन्हाला वर येऊन बसत आणि सोललेले मटार एकेक करून टाकत. शुद्ध शाकाहारी बाई. अंड्याचं टरफलही घरात न आणलेली. तिच्याशी बोलायच्या. काय बोलायच्या ते मी कधी ऐकायला गेलो नाही. कर्वेनगर म्हणजे मुळातलं हिंगणं. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला विधवांचा आश्रम पुढे या माळावर आला. इथून रोज पायी फर्ग्युसनला गणित शिकवायला जायचे ते. निराधारांना निवारा देण्यासाठीच वसलेली ही जागा, असं मी एकदा काकूंना गमतीने म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘‘अण्णांनी बदकं नव्हती हो पाळली.’’

जानेवारी २०२५ मध्ये सगळं बदललं. नदीपलीकडे किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला या भागात माणसांच्या हातापायांतली शक्ती अचानक जाऊ लागली. गुइलेन-बॅरे सिंड्रोम, जीबीएस. महिनाअखेर रुग्णांचा आकडा शंभराच्या पुढे गेला, काही जण व्हेंटिलेटरवर. रुग्णांच्या नमुन्यांत नोरोव्हायरस आणि कॅम्पायलोबॅक्टर जिवाणू सापडल्याचं छापून आलं. आधी पाण्यावर संशय होता, मग कोंबड्यांवरही आला. कॅम्पायलोबॅक्टर पक्ष्यांच्या आतड्यात त्यांना काही न करता राहतो, हे खरंच आहे. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मेले, बर्ड फ्लू निघाला. महाराष्ट्राला त्याची जुनी धास्ती आहे. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापूरला निघाला होता आणि लाखो कोंबड्या पुराव्या लागल्या होत्या. बदक तर तो विषाणू अंगावर काही न दाखवता वागवू शकतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या सकाळी, रझियाने पहिलं अंडं घातलं. कोंबडीच्या अंड्याहून मोठं, किंचित हिरवट झाक असलेलं. नात ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून घरभर फिरली.

सोसायटीची सभा रविवारी झाली. मला वाटलं होतं तशी ती झाली नाही. आवाज चढला तो दोघा-तिघांचा, पण आमच्या बाजूने सर्वांत जोरात भांडले ते समोरचे बँकवाले. ‘‘कबुतरं हजार बसतात गच्चीवर, त्यांची बीट कोण काढतं? सरांचं बदक रोज धुतलेलं असतं.’’ दिवाळीपर्यंत तयार होईल का विचारणारे हेच. सभेने काही ठरवलं नाही. ‘सरांनी योग्य तो विचार करावा’ एवढी नोंद झाली.

काकू सभेला नव्हत्या. संध्याकाळी जिन्यात भेटल्या. त्यांचा लेकीकडचा नातू, बावीस वर्षांचा, नांदेड गावाजवळ राहणारा, चार दिवसांपूर्वी रुग्णालयात दाखल झाला होता. आधी पायाला मुंग्या, मग उभं राहता येईना. ‘‘सर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मला कळतं तिचा काही संबंध नाही. डॉक्टरही म्हणाले पाणी असेल. पण आता मला ती वर ओरडली की छातीत धस्स होतं. मी काय करू?’’ कठडा घट्ट धरून उभ्या होत्या. माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती, जिवाणूंची, पाण्याची, साबणाने हात धुण्याची. त्यातलं एकही काढलं नाही. साठ वॅटचा तो बल्ब त्यांनी दिला होता.

डॉक्टरीणबाईंनी रझियाला तपासून ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. पण हेही सांगितलं होतं, आणि हे जीबीएसच्या कितीतरी आधी, की बदक हा कळपाचा पक्षी आहे. एकटं बदक माणसांत रमतं ते नाइलाजाने. हे नातीलाही ठाऊक होतं. तरी तिला सांगायची वेळ आली तेव्हा घरातल्या मोठ्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते काम माझ्याकडे आलं. ती रडली नाही. म्हणाली, ‘‘काकूआजींचा दादा बरा झाला की परत आणायचं?’’ मी म्हणालो, नाही. तिथे तिला मैत्रिणी मिळतील, मग आपण तिला तोडून कसं आणायचं? ती बराच वेळ गप्प राहिली. मग उठून बाल्कनीत गेली आणि दार लावून घेतलं.

माझ्या धाकट्या बहिणीचं सासर फलटण तालुक्यात. नीरा उजव्या कालव्याचं पाणी, ऊस, आणि कोपऱ्यात एक शेततळं; त्यावर पाच-सहा देशी बदकं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी भाजीच्या क्रेटमध्ये गवत घालून आम्ही तिला नेलं. दिवे घाटात ती दोनदा ओरडली, बाकी नातीच्या मांडीला चोच लावून बसली होती. तळ्यावर सोडलं तर ती पाण्याकडे न जाता आमच्या मागे बांधावरून परत आली. तळ्यातली बदकं पाहून दचकली. आयुष्यात तिने दुसरं बदक पाहिलेलं नव्हतं, निदान आठवण्याच्या वयात. नात तळ्यात गुडघाभर उतरली तेव्हा कुठे ती पाण्यात शिरली. इतकं पाणी तिला माहीत नव्हतं. डोकं घातलं आणि पूर्ण बुडी मारली. पलीकडे सहा-सात हातांवर निघाली, आणि तिथून असा काही पुकारा केला की देशी बदकं गोळा होऊन बघत राहिली. आम्ही त्या गडबडीत निघालो. परतीच्या वाटेवर गाडीत क्रेट रिकामा खडखडत होता, तो मुलाने सासवडला थांबून डिकीत टाकला.

काकूंचा नातू मार्चमध्ये घरी आला. काठी घेऊन चालतो, डॉक्टर म्हणतात काठीही सुटेल. रमजानच्या ईदला त्याच्यासाठी शीरखुर्मा पाठवला, तो काकू स्वतः येऊन घेऊन गेल्या. बल्ब मी परत करायला गेलो तर म्हणाल्या, राहू द्या तुमच्याकडेच, पाऊस येतोच आहे पुन्हा.

मेच्या सुट्टीत बहिणीचा फोन आला. आधी पंधरा दिवस रझिया बाकीच्यांपासून वेगळी, बांधावर एकटी बसायची, हे तिने आम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. आता सगळ्यांत मिसळली आहे, अंड्यांवरही बसली आहे, अठ्ठावीस दिवस मोजतोय म्हणाली. तक्रार वेगळीच होती. ‘‘भाईजान, काय लाडावून ठेवलंय हिला? जेवायची वेळ झाली की अंड्यांवरून उठून उंबऱ्याशी येते आणि दार उघडेपर्यंत ओरडते. आता बाकीची पाचही तिच्या मागे रांगेत येऊन उभी राहायला लागली आहेत. आणि दुपारी एक ते चार कुणी तळ्याजवळ गेलं की चावायला धावते. पुणेकरीण आहे म्हणून आम्ही काही बोलत नाही.’’